इमारतीमागची खाडी

मथुराने पिठाचे हात तसेच ठेवले आणि करंगळीच्या टोकाने फोनवरचं हिरवं बटण सरकवलं. फोन मिठाच्या बरणीला टेकून उभा होता. पडद्यावर आधी एक छत दिसलं, मग उशीचा कोपरा, मग स्वप्नालीचं अर्धं तोंड.

"आये, पोचलंय गो लंडनाक."

"जेवलंस?"

"हय सकाळचे आठ वाजले आसत. नाश्तो झालो."

बहरीनमध्ये दहा वाजले होते. शुक्रवार असल्यामुळे माहूजमधली ती इमारत अजून अंथरुणातच होती. हेमावहिनींच्या घरी मथुरा रोज स्वयंपाकाला येई, आणि सुट्टीच्या दिवशी वहिनींना हटकून तांदळाची भाकरी हवी असे. स्वतः वहिनी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र चाळत बसल्या होत्या, म्हणजे स्वयंपाकघरातला शब्द न् शब्द ऐकत होत्या.

"उद्या माका सुट्टी," स्वप्नाली म्हणाली. "मी तुझा घर बघूक जातलंय. चौथ्या माळ्यावरचा. तू रवलेलंस ता."

"थय काय बघतलंस? राजवाडो बघ. ता मोठा घड्याळ बघ. सगळी दुनिया ताच बघूक जाता."

"ता ऑफिसवाले दाखवतले. माका खाडी बघूची आसा."

मथुराचा हात परातीत थांबला.

"आणि मी नकाशो लावूचंय नाय," स्वप्नाली सांगत होती. "तू फोनवर सांग, हय वळ, थय वळ. तुझ्या वाटेन जातलंय. उद्या दुपारी, तुझ्या तीन वाजता. काय गो?"

"बरा," मथुरा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

चौदा वर्षांपूर्वी मथुरा सुहा मॅडमच्या घरी कामाला होती. उन्हाळा तापला की ते सगळं कुटुंब दोन महिन्यांसाठी लंडनला जाई आणि मॅडमच्या म्हाताऱ्या आईबरोबर मथुराही जाई. असे तीन उन्हाळे. बहरीनमधल्या नईम भागात ती राहते त्या इमारतीत तिला अजून लंडनवाली म्हणतात. नवीन पोरी मुद्दाम विचारतात, ताई, राणी बघितलीस का? मथुरा नुसती हसते. त्या हसण्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने घ्यावा.

खरी गोष्ट अशी होती की मथुराने लंडन स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. गाडी तळघरातून निघे आणि तळघरात परत येई, काचा काळ्या. दोनदा गाडीनेच बागेत जाऊन म्हातारीची चाकाची खुर्ची ढकलणं झालं, तेवढंच. सुहा मॅडम वाईट नव्हती. तिने मथुराला बाहेर जाऊ नको असं कधी म्हटलं नाही. जा, असंही म्हटलं नाही. आणि सकाळच्या चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंतच्या दिवसात 'जाऊ का' असं विचारायला फट अशी नव्हतीच.

पण दर शुक्रवारी देवगडकडे फोन लागे. नवरा गेल्यावर मथुराने सहा वर्षांची स्वप्नाली आपल्या बहिणीच्या, विशाखाच्या पदरात घातली होती आणि विमान पकडलं होतं. लंडनच्या पहिल्या उन्हाळ्यात पोर दहा वर्षांची झाली होती. फोनवर आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: आये, आज काय बघलंस? दहा वर्षांच्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं की दोन किलो कांदे बघितले? मग मथुरा खिडकीतलं एकेक उचलून देऊ लागली. औषधाच्या दुकानावरचा हिरवा क्रॉस. साल सोलून निघणारं झाड. चारच्या ठोक्याला कुत्र्याला फिरवणारा म्हातारा. चौऱ्याहत्तर नंबरची बस.

एका शुक्रवारी ती न्हाणीघर घासत होती. तिथे मागच्या बाजूला एक धुरकट, न उघडणारी काच होती. काचेपलीकडून कुरव, ते पांढरे समुद्रपक्षी, ओरडले. एक नाही, पाच-पंचवीस. मासळीची होडी लागताना बंदरावर जो गलका होतो, तोच. मथुरा हातातला ब्रश टाकून उभी राहिली. जन्मभर जिने खाडीच्या काठावर कपडे आपटले, तिला कुणी सांगायला नको होतं. एवढे कुरव आहेत, म्हणजे पाणी आहे. इमारतीच्या मागेच आहे. तिच्या मनात त्याबद्दल तिळाएवढीही शंका आली नाही.

त्या दिवशी तिने पोरीला सांगितलं, हय घराच्या मागे खाडी आसा.

"आपल्यासारखी?"

"आपल्यासारखीच."

"भरती-सुकती येता?"

"येता तर."

मग ते दर शुक्रवारचंच झालं. पोर विचारी, आज भरती की सुकती? मथुरा मनाला येईल ते सांगे. पुढे पुढे ती संध्याकाळी काठावर जाऊन बसू लागली, म्हणजे फोनवर. काठावर बसतंय आणि तुझी आठवण काढतंय, असं ती म्हणे. त्यातलं दुसरं खरं होतं. पोरीला वाढवायचं सोडून ती दूर गेली होती, आणि त्या बदल्यात द्यायला तिच्याजवळ एक खाडी होती. तेवढीच होती.

"मथुराताई, भाकरी करपतेय हो."

हेमावहिनी दारात उभ्या होत्या. मथुराने घाईने भाकरी उलथली. एक बाजू काळी झाली होती.

"लेक पोचली वाटतं? छान झालं. तुम्ही राहायचात ती इमारत दाखवू का तुम्हाला? नाव आठवतंय?"

नाव पाठ होतं. भाजीच्या खोक्यांवर रोज चिकटून येई आणि खोकी मोडून बांधायचं काम मथुराचंच. वहिनींनी फोनवर ते लिहिलं, बोट फिरवलं, आणि माहूजच्या त्या ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी, लंडनमधली ती गल्ली उघडली.

ती हलत नव्हती. ऊन होतं, पण कुणाला लागत नव्हतं. माणसं पाऊल उचलल्यासारखी थबकली होती आणि सगळ्यांचे चेहरे ओल्या फडक्याने पुसल्यासारखे होते. वहिनींनी बोट लावलं की गल्ली चार पावलं सरके आणि पुन्हा थांबे. मथुराने हात पदराला पुसले. हिरवा क्रॉस तिथेच होता. झाडही होतं. थांब्यावर चौऱ्याहत्तर उभी होती, आणि ती लाल होती. मथुराला थांब्यावरच्या पाटीवरचा तो आकडा आणि वरून दिसणारं पांढरं टप तेवढं ठाऊक होतं. खालून, रस्त्यावर उभं राहून, ती हे सगळं पहिल्यांदाच बघत होती.

"वर बघता येतं?"

वहिनींनी बोट वर सरकवलं. चौथा मजला, डावीकडून तिसरी खिडकी. मथुरा बराच वेळ बघत राहिली. आत कुणी उभं असेल असं तिला वाटत होतं.

"मागे जाता येतं?"

"येईल की."

गल्ली वळली. मागे एक बोळ होता. विटांची उंच भिंत, तिला लागून कचऱ्याचे मोठे डबे ओळीने, एक पांढरी व्हॅन. एका डब्याच्या कडेवर एक कुरव बसला होता, चोचीत कसलीतरी पिशवी धरून. शेजारच्या छपरावर आणखी तीन.

"आणि पाणी?"

"कसलं पाणी?"

"खाडी. नदी म्हणा."

वहिनींनी दोन बोटांनी नकाशा आवळला. गल्ली बारीक रेघ झाली, आणि पार खालच्या कडेला निळा पट्टा आला.

"ही बघा थेम्स. इथून चालत अर्धा तास तरी असेल. भरती-ओहोटी येते बरं का हिला. आम्ही गेलो होतो तेव्हा ह्यांनी बोटीतून फोटो काढले होते." मग मथुराच्या तोंडाकडे न बघताच त्या म्हणाल्या, "तुमच्या लेकीच्या फोनमध्येही हाच नकाशा असणार. आजकालची मुलं, जायच्या आधी सगळं बघून ठेवतात."

तिने पुढची भाकरी थापायला घेतली आणि ती तीनदा मोडली.

संध्याकाळी रावजी तिला घ्यायला आला. रावजी तिच्याच तालुक्यातला. पूर्वी सुहा मॅडमकडे ड्रायव्हर होता, आता हॉटेलांच्या चादरी-टॉवेलची गाडी चालवतो. मथुराच्या लंडनची लांबी-रुंदी माहीत असलेला या बेटावरचा एकच माणूस. म्हणूनच सगळ्यांत जास्त चिडवणाराही तोच.

"काय लंडनच्या राणी, आज तोंड कित्याक उतारला?"

तिने सगळं सांगितलं. सिग्नलला गाडी थांबली तसा रावजी तिच्याकडे वळला.

"खरा सांगून टाक."

"काय सांगू? आवस तुझी लंडनाक जाऊन कांदे चिरत हुती म्हणान?"

"मगे सांग नको. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"झाकलेली रवता खय? उद्या ती थय उभी रवतली. डबे दिसतले तिका." मथुराचा आवाज फाटला. "रावजी, माझा चेडू म्हणतला, आयेन सगळा खोटाच सांगलेला. लंडन खोटा, खाडी खोटी. मगे आठवण काढी हुतंय ता तरी खरा कशावरून?"

रावजीने गाडी उगाचच कडेला घेतली आणि पुन्हा रस्त्याला लावली.

"पाणी ता पाणी," तो शेवटी म्हणाला. "नदीवर धाड तिका. खाडी वायच लांब हुती म्हण. दहा वर्षांच्या पोराक लांब काय, जवळ काय."

मथुराला ते पटलं. बुडत्याला काडीचा आधार. शनिवारी सकाळी तिने वहिनींकडून एका लिफाफ्याच्या पाठीवर वाट लिहून घेतली. औषधाच्या दुकानाकडून उजवीकडे, मग सरळ, मग मोठा रस्ता ओलांडून पुन्हा सरळ, मग नदी. वहिनींनी कशाला म्हणून विचारलं नाही. अक्षर मात्र त्यांनी मोठं काढलं.

रावजीला बाब अल बहरीनच्या जुन्या बाजारात सामान घ्यायचं होतं. त्याने मथुराला अहमदच्या कापडाच्या दुकानाशी सोडलं आणि तो बाजारात शिरला. ऑक्टोबर असल्यामुळे ऊन सोसण्यासारखं झालं होतं. दुकानाला दोन पायऱ्या होत्या. मथुरा वरच्या पायरीवर बसली, भाजीची पिशवी तिने खालच्या पायरीवर पायाशी ठेवली, लिफाफा मांडीवर उलगडला. म्हातारा अहमद आतून बाहेर आला आणि दर वेळी जे सांगतो तेच त्याने सांगितलं.

"बैठो, बैठो. पहले इधर तक पानी था, मालूम? मेरा बाबा का बाबा इधर बोट बाँधता था."

समोर गाड्या होत्या, मोबाईलची दुकानं होती. समुद्र भर घालून कधीचा मागे हटवलेला. मथुराने नेहमीसारखी मान हलवली. अहमद मात्र चौकाकडे अशा नजरेने बघत होता, की पाणी अजून तिथेच असावं.

तीन वाजता फोन वाजला.

"आये, बस मिळाली. चौऱ्याहत्तर. वर बसलंय, एकदम पुढे."

पडद्यावर बसची मोठी काच होती आणि काचेतून फांद्या येत होत्या. पिवळी पानं काचेवर घासून जात.

"उजव्या बाजूक मोठी बाग दिसतली," मथुरा म्हणाली.

"दिसता."

"थय खुर्ची घेऊन गेलेलंय म्हातारीची. मगे मोठ्या दुकानांचो रस्तो. आता देवळासारखा दगडाचा घर येतला बघ, लांबच लांब."

"इला."

मथुराला नवल वाटत होतं. गाडीच्या काळ्या काचेतून चौदा वर्षांपूर्वी पाहिलेलं एकेक येत होतं, सांगितल्या क्रमाने, जणू तिने हाक मारली म्हणून. खालच्या पायरीजवळून माणसं जात-येत होती, अहमद कापड मोजत होता, आणि ती लंडनच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर, पोरीच्या शेजारी, एकदम पुढे बसली होती. घटकाभर तिला लिफाफ्याचा विसर पडला.

"हिरवो क्रॉस दिसलो? उतर थय."

स्वप्नाली उतरली. वाऱ्याचा आवाज फोनमध्ये घुसला.

"आता वर बघ. चौथो माळो, डावीकडसून तिसरी."

पडदा वर गेला आणि खिडकीवर थांबला.

"खिडकी बारीक आसा गो, आये."

"बारीक कसली? सगळा दिसायचा. बसची टपां दिसायची."

"होय," स्वप्नाली म्हणाली. "टपां पांढरी असतत. तू सांगलेलंस."

मथुराने लिफाफा घट्ट धरला.

"आता ऐक. औषधाच्या दुकानाकडसून उजवीकडे वळ. सरळ चल. खाडी वायच लांब आसा, अर्धो तास—"

"लांब कशी? घराच्या मागे मा? न्हाणीघरात उभी रवलंस की पक्षी ऐकायचंस तू."

"मागेच. पण मागे म्हणजे..."

"मगे बघून येतंय मागे."

"स्वप्ना, थय जाव नको. ऐक माझा—"

"आये, हय रेंज जाता. व्हिडिओ बंद करतंय."

पडदा काळा झाला. उरलं ते नुसतं नाव, आणि बुटांचा आवाज. बूट फरशीवर वाजले, मग कशावर तरी वळले, मग हळू झाले. एक मोठं झाकण आपटल्यासारखं वाजलं. आणि मग कुरव ओरडले. पाच-पंचवीस. चौदा वर्षांपूर्वीचेच असावेत इतके तसेच.

मथुराने डोळे मिटले. आता सांगायलाच हवं होतं, त्या पोरीने तोंड उघडायच्या आत.

"बाय, ऐक. थय काय नाय. मी कधी खाली—"

"आये, दिसली."

"काय?"

"खाडी. आसा गो. तू सांगलेलंस तशीच."

फोनच्या पलीकडे कुणीतरी पोतंभर बाटल्या डब्यात ओतल्या. त्यांचा खळखळाट बराच वेळ चालला.

"भरती आसा," स्वप्नाली म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "पाणी एकदम वर इला."

अहमदची कात्री कापडातून सरसर गेली. मथुराने डोळे उघडले. मांडीवरच्या लिफाफ्याची तिने नीट घडी घातली, आणखी एक घातली.

"मगे काठावर उभी रव नको," ती म्हणाली. "पाय घसारतत. वायच मागे सरक."

"सरकलंय."

"थंडी आसा थय. कानाक काय बांधलंस की नाय?"

"बांधलंय गो. वायच बसतंय हय. तू फोन ठेव नको."

"नाय ठेवणत," मथुरा म्हणाली.

रावजी दोन कागदी पेल्यांत चहा घेऊन आला. त्याने मथुराच्या तोंडाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि नेहमीची थट्टा ओठांवरच गिळून भुवया उडवून विचारलं, काय झालं?

मथुराने फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताने चहा घेतला. मग तो बाजूला ठेवला, वाकली, आणि भरतीचं पाणी लागेल म्हणून की काय, पायाशी ठेवलेली भाजीची पिशवी उचलून वरच्या पायरीवर घेतली.